हौदाचा बोळा

सेलू,
२ ऑगस्ट १९५४

वहिनींना नर्मदाचा नमस्कार.

तुमची मनू खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण माझं पत्र आलं की तुम्ही उभ्या उभ्या शेवटची ओळ आधी वाचता हे दादानं मला सांगितलंय. पोरगी जेवते, झोपते, शाळेत जाते. बातमी वेगळीच आहे. ती दादाला सांगायची की नाही हे तुम्ही ठरवा.

मनूला गणिताच्या परीक्षेत भोपळा मिळाला.

उदाहरण असं होतं : एका हौदात वरच्या तोटीनं पाणी सोडलं तर तो तीन तासांत भरतो. तळाची तोटी उघडली तर भरलेला हौद सहा तासांत रिकामा होतो. दोन्ही तोट्या चालू ठेवल्या तर हौद किती वेळात भरेल? मनूनं उत्तर लिहिलं, "आधी तळाच्या तोटीला बोळा कोंबावा. मग तीन तासांत भरेल." बाईंनी लाल फुली मारली, तर ही त्यांच्याशी वाद घालायला उभी राहिली. "बाई, खाली भोक हाय हे ठावं असून वरून पानी कशाला सोडायचं?" सगळा वर्ग हसला. बाईंनी हिला बाकावर उभं केलं.

पुढची सगळी उदाहरणं हिनं सोडवलीच नाहीत. म्हणाली, पहिल्याचं कळल्याशिवाय दुसरं कशाला करू?

मला हसू आवरेना. पण बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर ही सहावीत जायची नाही. आणि जूनमध्ये तिला इथं सोडताना दादा काय बोलून गेला ते तुम्हाला ठाऊक आहे. नापास झाली की शाळा बंद, गाडी जुंपून न्यायला येतो. तुमच्या गावात तर चौथीच्या पुढं शाळाच नाही.

आमच्या घरात तिला शिकवणार कोण? यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूत. संध्याकाळी जिनिंगातून आले की मनूसमोर पाटी घेऊन बसतात आणि वजाबाकीला तफरीक करो, भागाकाराला तकसीम करो म्हणायला लागतात. ती टकमका बघत राहते. मी दुसरीतून उठलेली. तुम्ही बार्शीला मराठी शाळेत चौथी पास झालेल्या. काही सुचलं तर कळवा.

बाकी काळजी नसावी. आगगाडीच्या शिट्टीला भिते म्हणून हल्ली ती माझ्याच अंथरुणात झोपते.

आपली,
नर्मदा


टाकळी, पो. सोनपेठ
१० ऑगस्ट १९५४

वन्संना कस्तुराबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. शेवटची ओळ आधी वाचली.

आगगाडीच्या शिट्टीला भिते? इथं मळ्यात कोल्हे ओरडायचे तेव्हा ही पोरगी माळ्यावर एकटी झोपायची. बोलावलं तरी खाली यायची नाही. सेलूला जाऊन दोन महिने झाले नाहीत तर लगेच भित्री झाली. असो. तुमचं अंथरूण मऊ असेल.

त्या बोळ्याचं सांगते. आपल्या विहिरीजवळचा हौद तुम्ही पाहिलाय. मोट चालू असेतो त्याच्या तळाचं भोक उघडं असतं, पाणी दांडानं भाजीला जातं. मोट सुटली की भोकाला चिंध्यांचा बोळा घालायचा, म्हणजे सकाळी बैलांना प्यायला पाणी राहतं. ते काम मनूचं. एकदा खेळाच्या नादात विसरली, हौद कोरडा पडला, बैल तसेच तहानलेले जुंपावे लागले. मी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. तेव्हापासून तळाचं भोक दिसलं की तिचा हात आधी बोळ्याकडं जातो. म्हणजे तो भोपळा माझाच समजा.

आता रीत लिहिते, नीट वाचून दाखवा. वरून एका तासात हौदाचा तिसरा हिस्सा भरतो. खालून एका तासात सहावा हिस्सा जातो. तिसऱ्यातून सहावा वजा केला की सहावा उरतो. तासाला सहावा हिस्सा, म्हणून सहा तास. बार्शीला आमच्या गुरुजींनी हे मला वर्गापुढं उभं करून सोडवायला लावलं होतं आणि मुलांना म्हणाले होते, बघा, मुलगी असून सोडवते. ती मी. आणि आज माझ्या मुलीला शिकवायला भुजंगराव तफरीक घेऊन बसतात.

रीत सांगताना आईनं पाठवली म्हणून सांगा. विसरू नका. तिच्या मागच्या कार्डात सगळं 'आत्या म्हणते' आणि 'आत्याला आवडतं'. आईला काय आवडतं ते तिला आठवत असेल अशी आशा आहे.

तुमच्या दादांना भोपळ्याचं सांगितलेलं नाही.

कस्तुराबाई


सेलू,
१ सप्टेंबर १९५४

वहिनी,

तुमची रीत वाचून दाखवली. आईनं पाठवली म्हणून तीनतीनदा सांगितलं. मनूनं ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, पत्राला नाक लावून वास घेतला आणि म्हणाली, "आईचं बरोबर हाय. पन बोळा का न्हाई घालायचा?"

मी म्हटलं पुस्तकात तसं दिलंय. ती म्हणे, मग पुस्तकवाल्याच्या आईनं त्याला धपाटे घातले नसतील.

मग मी फुटका रांजण आणला. वरून मी तांब्यानं पाणी ओतत होते, खालच्या भोकातून गळत होतं, आणि मनू मोजत होती. स्वयंपाकघरात तळं झालं. हे दारात उभं राहून हसत होते. पोरीला एवढंच कळलं, की आत्या वेडी आहे.

उकल झाली ती शनिवारच्या बाजारात. बाजारतळावर मोठा हौद आहे, त्याच्या तोटीला बायका घागरी लावतात. मी कांदे घेत होते. मनू माझा हात सोडून गेली, आणि बघते तर हिनं माझाच हातरुमाल गोळा करून तोटीत कोंबलेला! कडेवर घागर घेतलेली एक बाई तिच्यावर कडाडली, "ए पोरी, कुनाची गं तू? बोळा कोंबतीस, मग आमी काय प्यावं?"

मला वाटलं आता रडेल. पण ती घागरींच्या रांगेकडं बघत होती. मग एकदम ओरडली, "आत्या, भोक न्हाई ते! लोक पानी प्यायलेत!"

वहिनी, घरापर्यंत ती धावत आली. पाटी घेतली आणि बोलत बोलत लिहीत गेली. वरून येतं एवढं, लोक पितात एवढं, वजा. सहा तास. तुमचीच रीत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. फक्त तिला आधी पिणारं माणूस दिसायला हवं होतं. मग त्या प्रकरणातली सगळी उदाहरणं तिनं एका बैठकीत सोडवली आणि पाटी टाकून माझ्या गळ्यात पडली.

आणि एक सांगते, हसू नका. तिच्याजवळ बसून बसून मलाही अपूर्णांक यायला लागले. मी चुकले की ती बाईंसारखी डोळे मोठे करते. मला आजवर कुणी एवढं मन लावून काही शिकवलं नव्हतं. ती नव्हती तेव्हा संध्याकाळी या मूल नसलेल्या घरात मी काय करत होते, तेच मला आठवत नाही.

आपली,
नर्मदा


टाकळी,
९ सप्टेंबर १९५४

वन्सं,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं.

माझी मुलगी भर बाजारात परक्या बाईच्या शिव्या खाते, तेव्हा तुम्ही कांदे घेत होतात. छान. आणि मग ती तुमच्या गळ्यात पडते. रीत माझी, धपाटे माझे, बोळासुद्धा माझा, आणि गळा तुमचा.

मी उगाच आडवळणानं लिहीत नाही. माझा जळफळाट होतोय. पोळ्याला मी तिच्यासाठी पुरणाचा पहिला घास काढून ठेवला आणि कुत्र्याला घातला. इकडं लोक विचारतात, मनकर्णा कशी आहे? मी सांगते ते सगळं तुमच्या पत्रातलं. तिला ताप आला होता हे मला कार्डातून कळतं, तो उतरल्यावर. दात पडला तो तुमच्या छपरावर टाकला. तिची वेणी तुम्ही घालता. कशी घालता तेही मला माहीत नाही.

त्या हौदाचं मलाही आता नीट कळलंय. अकरा वर्षं मी वरून ओतत आले, आणि तुम्ही खाली भोक पाडून बसलात. जेवढं ओतते तेवढं सेलूला वाहून जातं. स्वतःच्या घरात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या हौदाला भोक पाडायचं, ही कुठली रीत?

दसऱ्याला मनूला पाठवा. आमच्या गड्याला, मुंजाजीला, गाडी घेऊन धाडते. कपडे, पुस्तकं, पाटी, सगळं सोबत द्या. ती परत यायची नाही. बोळा घालायचं काम मलाही येतं.

कस्तुराबाई


सेलू,
४ ऑक्टोबर १९५४

वहिनींना नमस्कार.

मुंजाजीसोबत मनूला पाठवत आहे. सोबत पेटी, पुस्तकं, पाटी, दोन नवे परकर. परकर मी शिवलेत. नको असतील तर कुणाला तरी द्या.

तिमाही परीक्षेचा निकाल लागला. मनू गणितात वर्गात पहिली आली. बाईंनी कागद दिला आहे, तो दादाला दाखवा. शाळेतून नाव काढलेलं नाही. बाईंना सुट्टीचं सांगितलं. पुढचं तुम्ही ठरवा.

ती रडली नाही. का जायचं म्हणून विचारत होती. आईला तुझी आठवण येते म्हणून सांगितलं. ते खोटं नाही.

तिला तांब्याभर पाणी उशाशी लागतं. डाव्या कानाला वारा लागला की दुखतो. तुम्हाला हे माहीत असेलच.

घरात पाणी नाही म्हणालात ते खरं आहे.

नर्मदा


टाकळी,
१२ ऑक्टोबर १९५४

वन्संना नमस्कार.

मनू पोचली. दसऱ्याला हिरवा परकर घातला होता. तो तुम्ही शिवलेला निघाला, ते मला मागून कळलं.

माझ्याजवळ झोपते. दोन्ही वेळा जेवते. सांगितलेलं सगळं ऐकते. मोट सुटली की न सांगता हौदाला बोळा घालून येते. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, पोरगी किती गुणाची झाली! मी म्हटलं, आपल्या घरी आली ना.

कान दुखत नाही. डावा की उजवा, हे मला माहीत होतं.

एकच आहे. पूर्वी ही दिवसभर डोकं उठवायची. ढेकूण का चावतो, बैलाला घाम येतो तर मेंढराला का येत नाही, दामूकाकांच्या डोक्यावर केस का नाहीत. आता काही विचारत नाही. हो म्हणते आणि करते. शहाणी झाली असेल.

तुमच्या दादांना निकालाचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "नापास झाली तर शाळा बंद, असं म्या म्हनलो होतो. पास झाली म्हनून बंद, हे कुठलं गनित?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय गणितातलं. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ-भाकरीपुरतं आहे.

भाऊबीजेला येणार ना? त्यांनी विचारायला सांगितलंय.

कस्तुराबाई


सेलू,
१६ ऑक्टोबर १९५४

वहिनी,

या भाऊबीजेला जमायचं नाही. दादाला इथूनच ओवाळेन, चंद्राकडं बघून. ज्यांना भाऊ नाही त्या तसंच करतात.

मी आले की मनू पुन्हा दोन्हीकडं ओढली जाईल. तिला जरा विसरू द्या. मुलं लवकर विसरतात म्हणे.

नर्मदा


टाकळी,
२१ ऑक्टोबर १९५४

वन्सं,

तुमचं कार्ड आलं तेव्हा मनू ओसरीवर होती. तिनं माझ्या हातातून घेतलं, वाचलं, परत दिलं आणि शेण गोळा करायला गेली. आत्या का येत नाही, एवढंही विचारलं नाही. मार खाल्लेलं पोर रडतं, ते परवडतं. पण ज्या पोराला का असं विचारायचंच राहिलं नाही, त्याचं काय करायचं? बार्शीच्या गुरुजींनी ते शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, आपणच शिकवू. तुम्ही अपूर्णांक शिकता, तर मी काय हातावर हात ठेवून बसू? काल दुपारी पाटी घेतली आणि तिला जुनी उदाहरणं घातली. मजूर घातले, खंदक घातला, हौद घातला. तिनं भराभर सोडवली. एकही चुकली नाही. मी तिच्याकडं बघत होते, ती पाटीकडं. शेजारून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय माय-लेकी अभ्यास करतायत. पण वन्सं, मला तिथं कुणी नाहीच असं वाटत होतं.

शेवटी मी म्हटलं, "आता तू घाल मला उदाहरण. बघू तुझ्या आईला येतं का."

तिनं पाटी उलटी केली. किती तरी वेळ लिहीत होती. मधे थुंकी लावून पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि खांबामागं जाऊन उभी राहिली. तिच्या पाटीवर होतं तेच खाली उतरवून देते, माझं एक अक्षर त्यात नाही :

'एका हौदाला वर दोन तोट्या आहेत. एक आत्याची आहे आणि एक आईची आहे. खाली मनू पाणी पिते. दोन्ही तोट्या चालू ठेवल्या तर मनू किती वेळ पाणी पिऊ शकेल? सूचना : कोणीही बोळा घालू नये.'

मी हौद कुणाला समजत होते, भोक कुणाला समजत होते, आणि पिणारं माणूस भलतंच निघालं. तुम्ही लिहिलं होतं ना, तिला आधी पिणारं माणूस दिसायला हवं होतं. मला दिसलंच नव्हतं. मी आपली बोळा घेऊन धावत होते, आणि तहान माझ्याच पोरीची होती.

मी तिला म्हटलं, याचं उत्तर आईला येत नाही, तू सांग. तेव्हा ती खांबामागून म्हणाली, "पुष्कळ." आणि मग, आल्यापासून पहिल्यांदा, विचारलं, "आई, आत्या भाऊबीजेला का येईना?"

मी खरं ते सांगितलं. तुझ्या आईनं आत्याला वाईट लिहिलं म्हणून. ती म्हणाली, का लिहिलं? मी म्हटलं, जळते मी तिच्यावर. का जळतेस? असं रात्रीपर्यंत चाललं होतं. डोकं उठलंय माझं. बरं वाटलं.

तेव्हा तुम्ही भाऊबीजेला या. चंद्राला ओवाळायचं कारण नाही, भाऊ धडधाकट आहे आणि माझ्याशी बोलतही नाही, तो तुमच्याशी तरी बोलेल. मुंजाजीला बुधवारी गाडी घेऊन पाठवते. जाताना मनूला घेऊन जा. शाळा सुरू व्हायच्या आत ती तिच्या बाकावर पाहिजे.

घरातल्या पाण्याबद्दल मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. ते पत्र चुलीत घाला.

पण एवढ्यानं मी निवले असं समजू नका. वेणी तुम्ही फार घट्ट घालता, तिच्या कपाळाचे केस ओढलेले मी पाहिलेत. सैल घालत जा. पत्र आठवड्याला आलं पाहिजे, आणि ताप आला तर ताप असतानाच कळवायचं, उतरल्यावर नाही. पोळ्याला ती इथं पाहिजे. आणि त्या उदाहरणात तिनं तुमची तोटी आधी लिहिलीय, माझी नंतर. ते मी पाहिलंय. तिनं थुंकी लावून पुसलं होतं तिथं पाटी ओली होती, म्हणून मी उजेडात धरून बघितली. खाली आधी 'आई' लिहिलेलं दिसतं. तुम्ही येणार नाही म्हणून तिनं ते पुसून तुम्हाला पहिलं केलंय.

या. वाट बघतोय.

कस्तुराबाई